पिएरोगी, बीटचं सूप आणि आंबवलेला कोबी: गल्ल्यावर रोज विचारले जाणारे प्रश्न

भुसावळात रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत आमचं सहा टेबलांचं हॉटेल आहे. सकाळी पोहे, दुपारी वरण-बट्टी नाहीतर शेवभाजीची थाळी आणि संध्याकाळी सहानंतर पोलंडच्या धर्तीचं खाणं. पोह्यांबद्दल आजवर कुणी काही विचारलेलं नाही. संध्याकाळच्या पाटीबद्दल मात्र रोज तेच दहा-पंधरा प्रश्न येतात. उत्तरं देता देता बिल करायचं राहून जातं, म्हणून मुलगा म्हणाला, "आई, एकदा लिहूनच टाक." हे त्यासाठी.

पोलिश म्हणजे नक्की काय?

पोलंड देशाचं. पहिल्या आठवड्यात पाटीवर नुसतं "येथे पोलिश मिळेल" असं लिहिलं होतं. एक काका सागवानी खुर्ची रिक्षात घालून घेऊन आले. त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पाटी बदलली.

भुसावळात हे कुठून आणलंत?

नवरा व्रॉत्सवाफ नावाच्या शहरात गोदामात कामाला होता. मी तिथे चार वर्षं एका "बार म्लेच्नी"मध्ये पिएरोगी, म्हणजे सारण भरून पाण्यात उकळायच्या करंज्या, वळायचं काम केलं. नाव ऐकून माझ्या माहेरी घबराट झाली होती. पण बार म्लेच्नी म्हणजे दूध-बार. दारूचा संबंध नाही, ती साधी खानावळ. पहिली वॉर्सात १८९६ साली निघाली. दूध, दही, अंडी, मैदा, बटाटा यांचे पदार्थ आणि खिशाला परवडणारा दर. पुढे कम्युनिस्ट राजवटीत सरकार त्यांना अनुदान द्यायला लागलं आणि त्या गावोगाव झाल्या. आजही आहेत. आपल्याकडे १९९५ नंतर झुणका-भाकर केंद्रं निघाली होती ती आठवा, तसलंच काहीसं. फरक एवढाच की त्यांची टिकली. खिडकीशी रांग लावायची, ताट उचलायचं, खाल्ल्यावर भांडी आपणच नेऊन ठेवायची. म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, कारखान्यातले कामगार, सगळे एका टेबलावर. मला तिथे कधी परकं वाटलं नाही. त्यातलं एक कारण जेवण होतं.

हे अस्सल आहे का?

नाही. अस्सल पाहिजे तर विमानाचं तिकीट काढा. पाटीवर "धर्तीचं" हा शब्द मुद्दाम घातलाय.

डुक्कर आणि गाय आमच्या स्वयंपाकघरात नाही, म्हणजे तिथला निम्मा मेन्यू तिथेच कापला गेला. त्यांचा तो प्रसिद्ध बिगोस, कोबी आणि चार प्रकारचं मांस दिवसभर शिजवलेला, आम्ही करतच नाही. मांसाशिवाय बिगोस म्हणजे शेवेशिवाय शेवभाजी.

उरलेल्या निम्म्यात मात्र बरंच काही इथलंच निघालं. त्यांची "श्मिएताना" ज्याच्या-त्याच्यावर ओततात. मी पहिल्यांदा चाखली आणि हसायलाच आलं. विरजण लावलेली साय! लोणी काढायच्या आदल्या दिवशी आपल्या फडताळात असते तीच, थोडी पातळ. त्यांचं "त्वारूग" म्हणजे आंबलेलं दूध मंद आचेवर फाडून फडक्यात टांगलेलं. पनीरसारखं घट्ट नाही, भुसभुशीत आणि किंचित आंबट. शेपू तर ते लोक आपण कोथिंबीर घालतो तशी बटाट्यावर, काकडीवर, सुपावर भुरभुरवतात. आपला शेपू जरा उग्र असतो म्हणून आम्ही कोवळाच घेतो. आणि मरवा! आपण गजऱ्यात गुंफतो तो मरवा ते वाळवून सुपात टाकतात. सासूबाईंना अजून हे पटलेलं नाही.

पिएरोगी म्हणजे मोमोच ना?

मोमो वाफवतात, पिएरोगी पाण्यात उकळतात. दिसायला म्हणाल तर करंजी. पण करंजीची पारी खुसखुशीत लागते, ही मऊ आणि थोडी चिवट हवी.

मैद्यात मीठ, चमचाभर तेल आणि गरम पाणी. उकळतं नाही, बोट घालून सोसेल इतपत. गार पाण्यात मळलं की लाटताना पीठ मागे मागे सरकतं. गरम पाण्यात मळलेलं शहाण्या पोरासारखं ऐकतं. अर्धा तास झाकून ठेवायचं, पातळ लाटायचं आणि पेल्याच्या काठाने गोल पाडायचे. मी तिथल्या बाईंना पहिल्यांदा पेल्याने पिठाचे गोल पाडताना पाहिलं तेव्हा आमच्या घरच्या शंकरपाळ्याच्या कातणीची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते असो.

सारण: सालासकट उकडलेला बटाटा, त्वारूग, लोण्यात परतून तांबूस केलेला कांदा, मीठ, आणि मिरपूड सढळ हाताने. बटाटा पूर्ण गार व्हायला हवा. गरम असताना भरला की वाफेने पारी ओली होते आणि उकळत्या पाण्यात फुटते. पहिल्या महिन्यात माझी पन्नासेक फुटली. पातेल्यात पिठलं झालं होतं. मिटताना कडेला पाणी लावून दाबायचं, हवा आत राहू द्यायची नाही. सासूबाई प्रत्येकीला मुरड घालतात, एका मापाची, न बघता. पोलंडात साधी चिमटी काढली तरी चालते, पण सासूबाईंना तसं सांगायची माझी हिंमत नाही.

उकळत्या पाण्यात टाकली की बुडतात. वर तरंगून आल्यावर आणखी दोन मिनिटं, मग झाऱ्याने काढायची. तशीच हवी की लोण्यावर खरपूस परतून, ते सांगा. खानदेशी गिऱ्हाइकाचं उत्तर मला पाठ आहे: "परतून आणा, चांगली लाल."

बटाट्याच्या पिएरोगीला "रुस्किए" का म्हणता? रशियाची आहे का?

नाही. पोलंडच्या आग्नेयेला पूर्वी रूथेनिया म्हणून प्रदेश होता, त्यातला बराचसा आता युक्रेनमध्ये आहे. नाव तिथून आलंय. पण ऐकताना रशियाच वाटते, म्हणून २०२२ च्या युद्धानंतर तिथल्या काही हॉटेलांनी मेन्यूत खाडाखोड करून "युक्रेनी पिएरोगी" लिहिलं. आमच्या फळ्यावर "बटाटा पिएरोगी" आहे. आम्ही त्या भानगडीत पडत नाही.

तिखट का नसतं?

हा प्रश्न रोज येतो. काळ्या मसाल्यावर वाढलेल्या माणसाने पहिला घास घेतला की तो माझ्याकडे "मीठ-मिरची विसरलात की काय" असं बघतो. धुळ्याचे एक आजोबा तर ताटाकडे बघून मोठ्याने म्हणाले होते, "हाई काय शे व माय?"

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. आपल्या ताटात मिरची जे काम करते ते त्यांच्या ताटात आंबट करतं. आपण भाकरीसारख्या सपक गोष्टीला ठेच्याने जाग आणतो. ते बटाट्यासारख्या सपक गोष्टीला आंबट कोबीने, आंबट सायीने, आंबट बीटने जाग आणतात. तिथे हिवाळा चार-पाच महिने. शेतात काही उगवत नाही. पिंपात आंबवून ठेवलेलं असेल तेच खायचं. म्हणून जीभही तशीच घडली. झणका अगदीच नाही असंही नाही. "ख्शान" नावाचं एक मूळ असतं, किसलं की नाकात जातं. आम्ही त्याच्या जागी मोहरी फेसून देतो.

तेव्हा पहिले चार घास मिरची न शोधता खा. आंबट शोधा. मग आवडलं नाही तर ठेचा आहेच.

मग ठेचा मिळेल?

मिळेल. शेंगदाण्याचा, वेगळ्या वाटीत.

वरून शेव?

नाही भो. शेव दुपारी.

तो कोबी खराब झालेला लागतो. वास येतो.

खराब नाही, आंबवलेला आहे. "कापुस्ता किशोना". बिबड्यांसाठी आपण ज्वारी तीन दिवस भिजत घालतो, कुरडयांसाठी गहू. तिसऱ्या दिवशी घरभर जो वास सुटतो त्याला कुणी खराब म्हणतं का? उलट वास नाही आला तर आई म्हणते, अजून एक दिवस राहू दे.

कोबी बारीक चिरायचा. किलोला वीस ते पंचवीस ग्रॅम मीठ, तेही वजन करून, अंदाजाने नाही. मग परातीत घेऊन हाताने चुरडत राहायचं. दहा मिनिटांत त्याचं पाणी सुटतं. थोडं गाजर, थोडे शहाजिऱ्यासारखे दाणे. बरणीत दाबून भरायचं आणि वर दगड ठेवायचा, कोबी त्याच्याच पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. पोलंडात पूर्वी मोठ्या पिंपात उतरून पायाने तुडवायचे. आम्ही हातानेच करतो, काळजी नको. दगड म्हणून आजेसासूबाईंचा वरवंटा आहे. मिक्सर आल्यापासून बिचारा रिकामा होता.

पुढचं काम जिवाणू करतात. दही लावणाऱ्यांचेच भाऊबंद ते. कोबीतली साखर खाऊन आम्ल तयार करतात. मिठाच्या आणि आम्लाच्या पाण्यात, हवेविना, सडवणारे जंतू टिकत नाहीत. वर कधी पांढरी साय धरते, ती काढून टाकायची, घाबरायचं कारण नाही. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी उकिरड्यावर.

अडचण वेगळीच आहे: आपलं गाव. या कामाला अठरा ते बावीस अंश लागतात आणि भुसावळचा मे तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या वर्षी मी हौसेने एप्रिलात घातला. चौथ्या दिवशी लगदा. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, उंदीर मेलाय का म्हणून. तेव्हापासून नियम केला, कोबी फक्त मार्गशीर्ष ते माघ. तेव्हा कोबी गोड आणि स्वस्तही असतो. तीन आठवडे कोपऱ्यात, मग फ्रिजमध्ये. साधारण आषाढापर्यंत पुरतो. त्यानंतर आलात तर फळ्यावर "कोबी संपला" असेल आणि मी ताजा कोबी व्हिनेगर घालून तुम्हाला फसवणार नाही.

शुद्ध शाकाहारी आहे का? अंडं?

पिएरोगीच्या पिठात अंडं नाही. बटाट्याच्या धिरड्यात, म्हणजे "प्लात्स्की"मध्येही नाही, तिथे घालतात. आम्ही किसलेला बटाटा पिळून ते पाणी वाटीत तसंच ठेवतो. पाच मिनिटांत तळाशी पांढरं सत्त्व बसतं. पाणी ओतून ते सत्त्व परत किसात. धिरडं घट्ट धरतं. पोलंडात यावर साखर पेरून खाणारेही भेटतात, आम्ही साय आणि शेपू देतो.

अंड्याचे दोन पदार्थ आहेत, त्यांची कढई आणि झारा वेगळा. जैन मंडळींना खरं सांगते, कांदा, लसूण, बटाटा, बीट, गाजर वगळलं तर संध्याकाळी माझ्याकडे फक्त काकडीची कोशिंबीर उरते. ती छान असते, पण तेवढ्यासाठी येऊ नका.

"गोवोंब्की" म्हणजे कबुतरं असं मोबाईलवर दिसलं. खरं का?

नाव खरं आहे, कबुतर नाही. कोबीच्या उकडलेल्या पानात भात गुंडाळून टोमॅटोच्या रश्शात शिजवतात. तिथे भातात खिमा असतो, आम्ही मशरूम आणि मसूर घालतो. पोलंडच्या बायकांना नावं ठेवायची भारी हौस. बटाट्याच्या एका गोळ्यांना "खुर" म्हणतात, बीटच्या सुपातल्या छोट्या पिएरोगींना "कान". आपण तरी काय, रश्श्यात पडताना डुबुक आवाज येतो म्हणून डुबुकवडे म्हणतोच की.

लाल सूप कशाचं? रंग टाकता का?

बीटचा रंग आहे. "बार्श्च" म्हणतात. बीटच्या चकत्या मिठाच्या पाण्यात लसणासोबत पाच-सहा दिवस आंबवायच्या. ते गर्द लाल आंबट पाणी भाज्यांच्या पाण्यात शेवटी घालायचं आणि उकळू द्यायचं नाही, उकळलं की विटकरी होतं. भाज्यांची जी जुडी सुपासाठी मिळते, गाजर, सेलरी, लीक वगैरे, तिला पोलिशमध्ये "इटलीकडचं" अशा अर्थाचं नाव आहे. १५१८ साली इटलीची बोना स्फोर्झा पोलंडची राणी झाली, तिने या भाज्या रूढ केल्या असं सांगतात.

उन्हाळ्यात हेच थंड मिळतं: ताक, किसलेलं बीट, काकडी, मुळा, शेपू. गुलाबी दिसतं म्हणून पोरं नाक मुरडतात. पंचेचाळीस अंशाच्या दुपारी ड्युटी करून आलेले एक लोको पायलट साहेब मात्र सलग तीन वाट्या प्यायले होते.

दुसरं सूप "झुरेक". पीठ पाण्यात चार-पाच दिवस आंबवून त्याचं करतात, तिथे राय नावाच्या धान्याचं, आम्ही दादर ज्वारीचं. सासूबाईंनी चाखलं आणि म्हणाल्या, "ही तर आंबील. एवढ्यासाठी चार वर्षं गेलीस?"

भरिताची पिएरोगी पोलंडात असते का?

नाही. ती बामणोदची आहे.

म्हणजे वांगं तिकडचं. हिरवट-पांढरं, लांबोडकं, हातात धरलं की तान्ह्या बाळासारखं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते हेच. दिवाळीनंतर यायला लागतं. तुरकाठीच्या नाहीतर पऱ्हाटीच्या जाळावर भाजायचं, बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायचं. नेहमीच्या भरितापेक्षा तेल फार कमी, आणि चाळणीत तासभर निथळत ठेवायचं, नाहीतर पारी फुटते. ही पिएरोगी मी हट्टाने उकळून, न परतता देते, वर विरजलेली साय आणि कांद्याची पात. मऊ पारी, आत धूर. तिखट हवं म्हणणाऱ्यांसाठी हीच ती. डिसेंबर, जानेवारीतच मिळते. आणि हो, केळ्याचीही करून पाहिली. रावेर-यावल इतकं जवळ, म्हटलं गावाचं नाव होईल. उकळल्यावर आत राखाडी चिकट काहीतरी झालं. मुलाने दोन खाल्ल्या, तेही आईचं मन राखायला.

गोड काय आहे?

"पोंच्की". गोल, फुगीर, तळलेले, आत गुलाबाचा मुरंबा. मुरंब्याऐवजी गुलकंद भरते आणि इथे मला वाटतं आमचं त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आधीचा गुरुवार पोलंडात "चरबीचा गुरुवार" असतो, त्या दिवशी बेकरीबाहेर सकाळपासून रांगा. आपली गटारी समजा, पण गोडाची. आम्ही फक्त गुरुवारी करतो. खसखशीचा रोलही असतो, कधीतरी.

उपासाला काही?

नाही. समोरच्या गल्लीत भगर छान मिळते.

पोलंडचा आणि आपला काय संबंध?

जेवणाआधीपासूनचा आहे, आणि तो कोल्हापूरकडे निघतो. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पूर्व पोलंडातल्या लाखो लोकांना सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलं. तिथून सुटलेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात आले. गुजरातेतल्या नवानगर संस्थानच्या महाराजांनी, म्हणजे जामसाहेबांनी, १९४२ मध्ये बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतलं. आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याला जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दुकानं, सगळं होतं. व्रॉत्सवाफच्या खानावळीत मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर एक आजी मान हलवून "वालिवादे" म्हणाल्या. मला तेव्हा काही कळलं नाही. घरी येऊन शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात दोन पिएरोगी जास्त वाढल्या.

२४ डिसेंबरला एक खुर्ची रिकामी का ठेवता?

पोलंडात नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. बारा पदार्थ, एकातही मांस नाही. टेबलावरच्या कापडाखाली थोडं गवत पसरतात आणि एक ताट जास्तीचं मांडतात, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्यांच्यात म्हणच आहे, पाहुणा घरात म्हणजे देव घरात. त्या मध्यरात्री गुरंढोरं माणसासारखी बोलतात असंही मानतात. पोळ्याला बैलाच्या कानात आवतण देणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये.

आम्ही बारा करत नाही, सात करतो. खुर्ची मात्र ठेवतो. गेल्या वर्षी त्या खुर्चीवर गाडी चुकलेला एक नाशिकचा पोरगा बसला. त्याचे पैसे घेतले नाहीत. यंदा त्यासाठी मुद्दाम गाडी चुकवू नका.

पहिल्यांदा येतोय. काय मागवू? पोट भरेल का?

बटाटा पिएरोगी परतून, सोबत आंबट कोबीची वाटी. आठ नगांची प्लेट, १२० रुपये. दोघांत एक प्लेट आणि एक सूप घ्या, मग ठरवा. "एवढंसंच?" म्हणणारे सहाव्या पिएरोगीला कमरेचा पट्टा सैल करतात, मी पाहिलंय.

गाडीत न्यायला पार्सल?

परतलेल्या पिएरोगी न्या, साय नको. संध्याकाळी घेतल्या तर रात्रीच्या जेवणापर्यंत चांगल्या राहतात. कोबी डब्यात देणार नाही. एकदा दिला होता, एसी डब्यातल्या सहप्रवाशांनी माझ्या गिऱ्हाइकाशी भांडण काढलं.

दारू?

नाही.

लोणच्याच्या बरणीतलं पाणी देता असं ऐकलं.

देतो, फुकट. काकडी मिठाच्या पाण्यात, लसूण आणि शेपूच्या फुलोऱ्यासोबत आंबवतो, त्याचं ते पाणी. पोलंडात आदल्या रात्री जास्त झालेली माणसं सकाळी हे पेलाभर पितात. आमच्याकडे येणारे गँगमन दादा उन्हातून आले की पितात, खडीसाखरेचा खडा तोंडात धरून. काकडीच्या दिवसांत सात वाजेपर्यंत या. नंतर बरणीत फक्त लसूण उरतो आणि तो सासूबाई कुणाला देत नाहीत.